बैलाला 'नाही' म्हणता येतं का?

रिटायर झालेला कंडक्टर घरात म्हणजे नुसती अडचण. उभी नोकरी एसटीत "पुढे सरका, पुढे सरका" असं ओरडण्यात गेली, आणि घरी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात बायको चुलीपाशी मला म्हणाली, "अवो, तुमी सरका बरं आता बाजूले." कळंबपासून जवळच आमचं गाव. मुलगा शेती पाहतो. कापूस, सोयाबीन, मधात तुरीचे तास. सून घरही पाहते आणि निंदणाच्या बायाही सांभाळते. नात शाळेत जाते. उरलो मी. स्वभाव मुळातच तापट, त्यात सुट्ट्या पैशांवरून रोज भांडण्याची सवय लागलेली, आणि इथे घरात भांडायला कोणी मोकळं नाही. मोठी पंचाईत झाली.

मग मी ठरवलं, गावातल्या पोरांना दर रविवारी गोळा करायचं आणि चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या. घरापुढे कडुनिंब आहे, सावली दाट. पहिल्या रविवारी पोरं बरीच आली, कारण बायकोनं मुरमुऱ्याचा चिवडा केला होता. मी शिस्तीवर बोललो, वेळेवर बोललो, खरं बोलण्यावर बोललो. पोरं चिवडा संपेपर्यंत बसली. पुढच्या वेळी चिवडा नव्हता, पोरंही नव्हती. नात तेवढी आली, तीही बहुतेक आजीनं ढकललं म्हणून. मी मनातून खट्टू झालो होतो, पण तोंडावर दाखवलं नाही. तिच्याशीच बोलायला सुरुवात केली.

तिला माझ्या शिस्तीत काडीचा रस नव्हता. ती म्हणाली, "आबा, मी एसटीत बसली की माहं तिकीट अर्धं काहून असते?"

"लहान आहे तू म्हनून."

"म्हनजे मी अर्धा मानूस आहे?"

"अवं, अर्धा मानूस कसा राहीन? लहान लेकराले जागा कमी लागते."

"मंग आईचं बी आता अर्धंच असते. ती त तुमच्याहून जास्त जागा घेते."

घरातून सुनेचा खाकरण्याचा आवाज आला. मी म्हटलं, बायांना सरकारनं सवलत दिली आहे, त्याचा जागेशी संबंध नाही. ती बोटांवर मोजायला लागली. आई अर्धी, आजी अर्धी, ती स्वतः अर्धी. शेजारचा बुढा पंचाहत्तरीच्या वर, त्याला तर तिकीटच नाही, म्हणजे तो गाडीत बसला काय न बसला काय! "आपल्या घरात अख्खे मानसं दोनच," ती म्हणाली, "तुमी अन् पप्पा. हे कोनं ठरवलं?"

आयुष्यात मी इतकी अर्धी तिकिटं फाडली, पण हा विचार एकदाही डोक्यात आला नव्हता. भाडं म्हणजे माणसाची किंमत नव्हे, एवढं मला कळत होतं. मग भाडं नेमकं कशाचं? जागेचं म्हणावं तर लठ्ठ माणसाला जास्त पाहिजे. गरजेचं म्हणावं तर गरीब माणसाला कमी पाहिजे. मी तोंड उघडलं की ती माझ्या पायाखालची फळी काढून घ्यायची. शेवटी मी चिडून म्हणालो, "मले नाई मालूम!" आणि ती इतकी खूश झाली की टाळ्या पिटत मैत्रिणींना सांगायला पळाली. आबाला मालूम नाही, ही बातमी गावभर झाली. पुढच्या रविवारी चिवडा नसताना पोरं आली.

असा तो रविवार लागला. नाव आम्ही त्याला काही दिलं नाही, गावानं दिलं. "कंडक्टरबुढ्याची कटकट" म्हणायचे. कोणी म्हणायचं बुढा पोरं बिघडवून राह्यला. मी म्हणायचो, बिघडलेली पोरं तुमचीच आहेत, मी फक्त गोळा करतो.

सुरुवातीला माझी एक खोड जाता जात नव्हती. पोरांनी प्रश्न टाकला रे टाकला की मी उत्तर द्यायचो. सवय ना! गाडी कुठे जाते, कधी पोचते, कुठे बदलायची, आयुष्यभर फटाफट सांगत आलो. एकदा एका पोरानं विचारलं, "कळंबच्या गनपतीले एकानं पान्यासाठी नवस बोलला, अन् दुसऱ्याचा कापूस फुटेल आहे म्हनून त्यानं पानी नको म्हनून बोलला, त देव कोनाचं ऐकीन?" काय झकास प्रश्न! आणि मी लेकाचा लगेच भक्तीवर सुरू झालो. पोरं मातीत रेघोट्या ओढायला लागली. तेव्हा बंजारा तांड्यावरची एक पोरगी, आमच्या नातीची मैत्रीण, म्हणाली, "आबा, तुमी उत्तर देल्लं की गाडी बंद पडते."

मला राग आला. रात्री जेवतानाही आला. पण ती बोलली ते खरं होतं. कंडक्टरनं स्टेअरिंगला हात लावायचा नसतो, हे मला शिकवायला कोणी यायची गरज नव्हती. सगळे चढले का, कोणी मागे राहिलं का, कोणाला मध्येच उतरायचं आहे का, एवढं पाहणं आपलं काम. मग मी निंबाच्या फांदीला बैलाच्या गळ्यातली एक जुनी घंटी बांधली आणि दोरी खाली सोडली. नियम गाडीचाच. एक घंटी म्हणजे थांबा, मला कळलं नाही. दोन घंट्या म्हणजे कळलं, चला पुढे. कोणीही ओढावी. आणि काय सांगू, सगळ्यांत जास्त घंटी मीच ओढायला लागलो, कारण या पोरांचं बोलणं मला अर्ध्या वेळा कळायचंच नाही.

त्या रविवारांनी मला जे सुख दिलं ते मी लपवणार नाही. झोपेत आपण कुठे जातो, खोटं बोलून कोणाचं भलं झालं तर ते खोटं धुतलं जातं का, मेलेल्या आजोबाची चप्पल अजून आजोबाची आहे का, असल्या गोष्टींवर ही शेंबडी पोरं घसा कोरडा पडेस्तोवर भांडायची आणि मग एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बोरं पाडायला जायची. मोठ्या माणसांना हे जमत नाही. गाडीत भांडलेली माणसं मी पाहिली आहेत, फाट्यावर उतरल्यावरही एकमेकांकडे पाहत नाहीत. आणि या सगळ्या पोरांत माझी नात पुढे असायची. ती बोलायला लागली की मी मान डोलवत राहायचो. माझ्या घरातलं हे लेकरू असं बोलतं, याचा मला इतका अभिमान वाटायचा की छाती शर्टात मावायची नाही.

म्हणून त्या श्रावणात माझ्या मुलानं जे केलं ते मला लागलं.

माझी मुलगी यवतमाळला असते. जावई कॉलेजात नोकरीला. तिचं बऱ्याच दिवसांपासून म्हणणं होतं की पुढच्या जूनपासून भाचीला माझ्याकडे पाठवा, इथे मोठी शाळा आहे, पोरगी हुशार आहे, गावात कुजेल. मुलाला ते पटलं होतं. एक दिवस तो बाहेर निघाला होता, गाडीची किल्ली हातात, एक पाय उंबऱ्याबाहेर. नात ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तो म्हणाला, "यवतमाळले जाशीन ना व, आत्याकडे शिकाले?" तिनं मान डोलावली. "पहा," तो मला म्हणाला, "इचारलं तिले. हो म्हनली." आणि गाडीला किक मारून गेला.

मला ती जायला नको होती. सरळ सांगतो, त्यात काही तत्त्वबित्त्व नव्हतं. ती गेली की माझा रविवार गेला, संध्याकाळ गेली, घरातलं बोलणं गेलं. पण पोरगी मुलाची, निर्णय मुलाचा. आणि मी काही बोललो असतो तर त्यानं ऐकवलं असतं की बाबा, तुमी तुमच्या सोयीचं पाहून राह्यले. ते खोटं कसं म्हणणार? मी गप्प बसलो आणि आतल्या आत चरफडत राहिलो.

पोळ्याच्या आधीचा रविवार आला. निंबाखाली तांड्यावरच्या पोरीनं विषय काढला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून वाहून बैलाचा खांदा सोललेला असतो, त्याला हळद-लोणी चोळायचं, आणि त्याला जेवणाचं आवतन द्यायचं. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं बैलाच्या कानाशी म्हणायचं. आपण पाहुण्याला बोलावतो तसंच, मानानं. पोरगी म्हणाली, "माही याडी, म्हनजे आई, सांगते, आमच्या जुन्या लोकायच्या बैलायनं कुठून कुठून मीठ वाह्यलं, धान्य वाह्यलं. त्यायले कोनी इचारलं नाई, वाहतं का म्हनून. अन् जेवाले मात्र इचारतेत. मंग बैल कधी नाई म्हनला त?"

पोरं खो खो हसली. एक लठ्ठ्या पोरगा म्हणाला, "पुरनपोळीले कोन नाई म्हनते? मी बैल असतो त दोनदा आवतन घेतलं असतं."

"नाई म्हनताच येत नशीन, त ते आवतन कसं? हुकूम झाला तो. गोड बोलून देल्लेला हुकूम," तांड्यावरची म्हणाली.

मी घंटी ओढली. म्हटलं, मले नाई कळलं, हुकूम अन् आवतन यात फरक काय?

मग जे जुंपलं! लठ्ठ्या म्हणाला की बैलाला कळो न कळो, आपण विचारलं की आपल्यालाच कळतं की हा आपला नोकर नाही. आवतन बैलासाठी नसतंच, ते आपल्यासाठी असतं. त्याच्या डोक्यात हे कुठून आलं देव जाणे. तांड्यावरची म्हणाली, मग तुझं तू आवतन घे ना, बैलाच्या कानात कायले बोलतं? कोणी म्हणालं, त्याची वेसण काढून विचारा. कोणी म्हणालं, काढली तर तो पळेल. तांड्यावरची म्हणाली, पळला तर ते त्याचं उत्तर झालं.

माझी नात त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मला वाटलं, पोटबिट दुखत असेल.

पोळ्याच्या दिवशी मुलानं बैल नाल्यावर धुतले, शिंगं रंगवली, बेगड लावली, झुली घातल्या. हल्ली आमच्या गावात ट्रॅक्टरलाच हार घालणारी घरं जास्त झाली आहेत, बैलजोडी मोजक्यांकडे उरली, म्हणून आमच्या जोडीचा थाट मोठा. तोरणाखालून जोडी घरी आली. सुनेनं पाय धुतले, ओवाळलं, सुपात पुरणपोळ्या मांडून पुढे ठेवल्या. मग आम्ही जेवायला आत गेलो. नात म्हणाली, मी मागून येते.

माझी दुसरी पोळी तुपात बुडवून झाली होती, तेवढ्यात शेजाऱ्याची आरोळी आली. "अबे, कोनी आहे का घरात? तुमचा बैल माह्या सोयाबीनात!"

मुलगा ताटावरून उठला तो नव्या कपड्यांनिशी चिखलात. मागोमाग मी. घरामागंच शेजाऱ्याचं वावर. आमचा तांबडा बैल झुलीसकट सोयाबीनच्या मधोमध उभा होता आणि शांतपणे चरत होता. शिंगाच्या बेगडीला एक अख्खं झाड लटकलेलं. बैल नवरदेवासारखा सजलेला आणि चिखलानं माखलेला माझा मुलगा त्याच्या मागं "हो हो हो" करत धावतोय, हे पाहून शेजारी आधी शिव्या देत होता तो नंतर हसायलाच लागला. मलाही हसू आलं, पण मुलाचा चेहरा पाहून मी ते गिळलं. तांबड्याला हाकत गोठ्यात आणलं, तर पांढरा बैल मात्र जागेवरच होता. त्याचंही दावं सोडलेलं, पण तो सुपातली शेवटची पोळी चाटत होता. आणि त्याच्या शेजारी नात उभी. दोन्ही दावी तिच्या हातात.

"कायले सोडले व बैल?" मुलगा ओरडला. "सनाच्या दिवशी हे काय धंदे? आन् बाबा, हे तुमचं रविवारचं आहे बरं! सोयाबीन खाऊन बैल फुगला असता, मेला असता त?"

ती रडवेली झाली, पण मागे सरली नाही. "त्यायले जेवाले बोलावलं होतं ना आपन काल. बांधून ठेवलं त कसं समजीन, आले का आनले?"

"बैलाले काय समजते!"

"मले त समजते." तिचा आवाज फाटला. "मले बी तुमी तसंच इचारलं. गाडीची किल्ली हातात घेऊन. मी नाई म्हनली असती त तुमी काय केलं असतं?"

मुलगा चिखलानं भरलेले हात अंगापासून दूर धरून उभा. मग तो म्हणाला, आधीपेक्षा बारीक आवाजात, "पन तू मान डोलावली ना."

"मान मी बी डोलावलीच होती," दारातून सून म्हणाली. आमच्या घरात ती आल्यापासून मी तिला इतकं मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "या घरात याले. वाईट काई झालं नाई, ते सोडा. पन इचारलं नव्हतं कोनी."

बायको म्हणाली, "चला आधी हातपाय धुवा सगळे, पोळ्या थंड होऊन राह्यल्या." पण तिनंही जाताना सुनेच्या पाठीवर हात ठेवला, ते मी पाहिलं.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी मुलाशी बोललो. इतके दिवस तोंड दाबून बसलो होतो, आता मला चांगलं निमित्त मिळालं होतं. म्हटलं, पोरीले नीट इचार. बसून इचार. अन् नाई म्हनली त नाई, तिच्यावर रागवाचं नाई, तोंड फिरवाचं नाई, आत्यानं बी नाई. असं सगळ्यांनी कबूल करा, तरच ते इचारनं. मुलगा भला माणूस आहे, बापावर गेला नाही. त्यानं थोडा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बरोबर आहे बाबा." दुसऱ्या दिवशी त्यानं तिला ओसरीवर समोर बसवलं, किल्लीबिल्ली सगळं बाजूला ठेवून, आणि विचारलं. महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींच्या सणाला, आत्या येणार होती, तोपर्यंत विचार करून सांग म्हणाला. ती म्हणाली, "बरं." मुलीलाही मी फोन केला, तिच्याकडूनही वदवून घेतलं. माझा उत्साह असा की विचारू नका.

आणि मला पक्की खात्री होती की ती नाही म्हणणार. गोठ्यात रडली ती कशासाठी? जायचं नाही म्हणूनच ना!

ते दिवस मी फार मजेत काढले. नातीला मोटारसायकलवर बसवून कळंबच्या बाजारात नेलं, समोसे खाऊ घातले. शाळेतून आली की शेंगा उकडून तयार. वावरात नेऊन तुरीच्या तासात लपलेलं तितराचं घरटं दाखवलं. बायको सगळं पाहत होती. एक दिवस म्हणाली, "काहून हो, पोरीले लाच देऊन राह्यले काय?"

"लाच कायची? आजा आहे मी तिचा."

"आजा त तुमी मांगच्या महिन्यात बी होते. तवा त शेंगा तीच फोडत होती."

मी म्हटलं, तू चुलीकडे लक्ष दे. ती हसत गेली. माझी बायको असं हसली की समजावं, आपण पकडले गेलो.

मधल्या रविवारी निंबाखाली पोरांनी दोन्ही बैलांचा पंचनामा केला. जो थांबला त्यानं आवतन घेतलं, की त्याला फक्त भूक होती? लठ्ठ्या म्हणाला, भूक असली म्हणून काय झालं, पाहुण्यालाही भूक असतेच. तांड्यावरची म्हणाली, मग जो गेला त्याला आपलं जेवण आवडलं नाही, एवढंच. त्यात त्यानं आपला अपमान केला असं कोणी समजू नये. नातीनं त्यावर विचारलं, "पन जो गेला, त्यानं परत आल्यावर पोळी मांगली त देनार का नाई?" सगळे एका सुरात म्हणाले, देणार! मी मान डोलावली. वा, म्हटलं, वा.

नात त्या दिवसांत सगळ्यांना प्रश्न विचारत फिरत होती. आत्याला फोनवर विचारत होती, तिथे वर्गात पोरं किती, प्रश्न विचारला की मास्तर रागावतात का. आईला विचारत होती, तू आलीस तेव्हा पहिल्या दिवशी तुला कसं वाटलं. फक्त मला काही विचारलं नाही. मला वाटलं, माझं मत तिला माहीत आहे, म्हणून विचारायची गरज नसेल.

महालक्ष्म्या आल्या, बसल्या. मुलगी, जावई आले. आंबील झाली, भाज्या झाल्या, पंगती उठल्या, दुपारी घरची माणसं तेवढी उरली. मुलानं नातीला हाक मारली आणि म्हणाला, "हं, सांग मंग. तुह्या मनात असन तेच सांग. नाई म्हनली तरी चालते."

ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "जाईन."

मुलीनं आनंदानं तिला जवळ ओढलं. सुनेनं पदरानं डोळे टिपले आणि हसली. माझ्या तोंडून मात्र गाडीतल्यासारखा मोठा आवाज निघाला. "काहून?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. ती माझ्याकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "आबा, मले इथं सगळं आवडते. पन रविवारी माहं बोलनं झालं की तुमी मान डोलवता. तुमाले माहं सगळंच पटते. तांड्यावरची सोडली त इथं माह्याशी भांडनारं कोनीच नाई. मले न पटनारे लोक पायजे."

मी उठलो. हात धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेलो आणि नळ सोडला. हात कोरडे, स्वच्छ होते. रडूही येत होतं आणि रागही आला होता, आणि दोन्हींत मोठं कोणतं ते कळत नव्हतं. मागून तिची पावलं वाजली.

"आबा, रागावले?"

"नाई."

"मंग हात परत कायले धुऊन राह्यले?"

मी नळ आणखी मोठा केला.

"एक इचारू?" ती म्हणाली. "मी नाई म्हनली त कोनी रागवाचं नाई, असं तुमी सगळ्यायकडून कबूल करून घेतलं. पप्पाकडून, आत्याकडून. पन मी हो म्हनली त काय, हे तुमी कोनाशीच बोलले नाई. तुमी मले इचारत होते, का माह्याकडून नाई म्हनवून घेत होते?"

डोकं सणकलं माझं. एवढीशी पोरगी आणि मला विचारते! गाडीत कोणी असं बोललं असतं तर मी सरळ घंटी मारून खाली उतरवलं असतं. पण ती समोर उभी होती, मान वर करून, आणि तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

"नाई म्हनवून घेत होतो," मी म्हणालो.

ती हसली नाही, बिलगलीही नाही. मग म्हणाली, "म्हनजे तुमी मले अजून इचारलंच नाई. आता इचारा."

"आता कायले? तुहं उत्तर त झालं सांगून."

"ते पप्पाले देल्लं. तुमी इचारा."

मी नळ बंद केला. तिच्याकडे पाहिलं. मनात काही शिल्लक राहू नये असं फार वाटलं, आणि जमेल की नाही याची धाकधूकही वाटली. मग मी विचारलं, "जाशीन का व, यवतमाळले?"

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. काहीच ठरलेलं नसावं असा पुरता वेळ घेतला. आणि मी वाट पाहत राहिलो. नाहीची नाही, होचीही नाही, नुसतं तिच्या बोलण्याची.

"जाईन," ती म्हणाली.

"जाय," मी म्हणालो. आणि बाप्पा, ते अगदी मनातून निघालं. माझंच मला नवल वाटलं.